हजार चंद्र, चाळीस कार्डं : सांगलीतल्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

जुलैच्या मध्यावर विश्रामबागेतल्या माझ्या घरी एक ताई आल्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांना हवी होती ती त्या दिवशी हातात द्यायची चाळीस कार्डं, घरच्यांसाठी आणि अण्णांच्या जुन्या सोबत्यांसाठी. अण्णा म्हणजे सासरे. मार्केट यार्डात हळदीची अडत, उभं आयुष्य त्यात गेलेलं. ताईंच्या मनात चित्र पक्कं होतं. बाहेरून कार्ड हलवलं की आत काहीतरी खुळखुळलं पाहिजे आणि उघडलं की कृष्णेवरचा आपला आयर्विन पूल उभा राहिला पाहिजे.

खुळखुळणारं ते शेकर कार्ड. कार्डाला खिडकी कापायची, तिला पारदर्शक ओएचपी शीट लावायची, मागे फोम टेपची (दोन्हीकडून चिकटणाऱ्या जाड टेपची) भिंत उभी करायची, त्या पोकळीत मणी-टिकल्या भरायच्या आणि पाठ बंद करायची. उभं राहणारं ते पॉप-अप. दोन्ही प्रकार मी वेगवेगळे कितीतरी केले आहेत, शिकवतेही. एकाच कार्डात दोन्ही, आणि तेही चाळीस, ही पहिलीच वेळ होती. मी लगेच हो म्हटलं. त्या होकारापासून शेवटच्या कार्डापर्यंत काय काय झालं ते सगळं इथे लिहिते आहे. शिकायला येणाऱ्या मुलींना मी जे सांगत आले, त्यातली एक गोष्ट मला स्वतःला या ऑर्डरमध्ये कळली. कार्ड आपण उघडं ठेवून रचतो, फोटो उघड्याचा काढतो, कौतुकही उघड्याचं होतं. पण त्याचा बहुतेक जन्म मिटलेला जातो आणि बिघडतंही ते मिटलेलं असतानाच.

हजाराचा हिशोब

दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी २९.५३ दिवसांचं. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, जवळपास ८० वर्षं १० महिने. म्हणून घरोघरी हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास करतात. हे गणित ताईंच्या धाकट्या मुलाने वहीत करून आणलं होतं, आणि त्याचंच म्हणणं होतं की कार्डांत खरोखरचे हजार चंद्र असावेत. चाळीस कार्डं, प्रत्येकात पंचवीस चंद्र. बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मला ही कल्पना इतकी आवडली की बाकीच्या अडचणींचा विचार मी तिथेच सोडून दिला.

चंद्र खिडकीत राहणार, पण खिडकी कसली? इथे मी पेव सुचवलं. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठी, आकाराने रांजणासारखी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात अशी पेवं होती. हळद आत भरून तोंड लिंपून घेतलं की आत हवा खेळत नाही आणि कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच खराब झाली. अण्णांच्या तरुणपणीची निम्मी गोष्ट या पेवांची. तेव्हा खिडकी पेवाच्या आकाराची आणि आत चंद्र. ताईंचे डोळे भरून आले. त्याच भरात त्या म्हणाल्या, "आत आपली खरी हळद घालाल ना, ताई? त्यांच्या हातची?" मी त्यालाही हो म्हटलं.

डाय म्हणजे कागद ठरावीक आकारात कापणारा धारदार साचा. पेवाचा डाय बाजारात मिळत नाही, मिळणारही नाही. लग्नपत्रिका आणि खोकी करणारे छापखाने प्लायवूडमध्ये स्टीलची पाती बसवून हवा तसा डाय बनवून घेतात, पण चाळीस नगांसाठी तो खर्च परवडत नाही. माझ्याकडे हाताने फिरवायचं छोटं डाय-कटिंग मशीन आहे. त्यात दोन रूळ असतात आणि त्यांच्यामधून थर सरकवायचे. खाली पाटी, तिच्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर दुसरी पाटी. अंडाकृती आणि चौकोनी डायचे चढत्या मापाचे संच घरात होतेच. खिडकी सोपी निघाली. ७ बाय ९ सेंटिमीटरची अंडाकृती कापायची आणि तिच्या डोक्यावर थोडं आत शिरेल असं अडीच सेंटिमीटर रुंदीचं तोंड चौकोनी डायने कापायचं. भोकाला भोक मिळतं, पेव तयार.

त्या खिडकीभोवतीची मातीच्या रंगाची ६ मिलिमीटरची कड मात्र अशी निघत नाही. बाहेरची मोठी अंडाकृती सरळ कापली तर मानेच्या जागीही धार उतरते आणि मान तुटून हातात येते. त्यासाठी अर्धवट कापणी करावी लागते. डायचा जेवढा भाग कापायचा नाही तेवढा वरच्या पाटीच्या बाहेर ठेवायचा. पाटी नाही तिथे दाब नाही, दाब नाही तिथे धार कागदात शिरत नाही. आधी डायला मागून मास्किंग टेप लावून कागदावर पक्का बसवायचा, नाहीतर रुळाखाली जाताना तो केसभर सरकतो आणि जोडावर पायरी दिसते. मान आणि पोट यांचा जोड साफ यायला मला सहा कागद फुकट घालवावे लागले. सातव्यापासून हात बसला.

पहिला नमुना

फोटोत हा नमुना सगळ्यात देखणा होता. आत तीन थर. मागे देवळाचं शिखर, मधे पूल, पुढे नदी. सांगली नाटकाचं गाव. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच रंगवलं. पॉप-अपचे थर शिकवताना मी रंगमंचाचाच दाखला देते. पुढचं बुटकं, मागचं उंच, आणि मधे जागा मोकळी. तसंच केलं. समोरच्या पानाच्या पोटातच शेकर बसवला, म्हणजे खिडकी पानालाच कापली आणि फोम व बंद करायचा कागद आतल्या बाजूने लावला. पेवात चिमूटभर हळद आणि पंचवीस चंदेरी टिकल्या. संध्याकाळी ताईंना फोटो पाठवला. घरभर आनंद.

कार्ड रात्रभर टेबलावर उघडंच राहिलं. सकाळी मिटलं आणि तीन गोष्टी एकदम दिसल्या.

पहिली, कार्डाच्या कडेतून निळं पाणी सेंटिमीटरभर बाहेर डोकावत होतं. अशा पॉप-अपचं गणित साधं असतं. थर ज्यावर उभा राहतो ती मधोमध दुमडलेली पट्टी कार्डाच्या मधल्या घडीपासून दोन्ही पानांवर सारख्या अंतरावर चिकटवायची आणि तिचा प्रत्येक हातही तेवढाच लांब ठेवायचा. कार्ड काटकोनात उघडलं की समान बाजूंचा चौकोन उभा राहतो. मिटलं की ते दोन हात पुढे झेपावतात आणि घडीपासून अंतराच्या दुप्पट लांब पोचतात. पाण्याची पट्टी मी ७ सेंटिमीटरवर लावली होती, तेव्हा मिटल्यावर ती १४ वर येणारच. कार्डाची रुंदी होती १३. मूळ आराखड्यात रुंदी १५ होती. तयार पाकिटं १४ बाय १९ चीच मिळाली म्हणून मी कार्ड १३ बाय १८ केलं, आणि पट्ट्यांची मापं जुनीच राहिली. नव्याने मापं घेतली : पाणी ६, पूल साडेचार, शिखर ३. सगळ्यात पुढची पट्टी मिटल्यावर १२ वर थांबते, कडेला सेंटिमीटरभर जागा उरते.

दुसरी, पूल तिरका झाला होता. हे शोधायला मला दोन दिवस लागले, कारण माप बरोबर होतं, गोंद बरोबर होता. गडबड शेकरची होती. फोममुळे समोरच्या पानाची आतली बाजू तीन-चार मिलिमीटर वर आली होती, मागच्या पानाची होती तिथेच. पॉप-अपची सगळी अंतरं मधल्या घडीपासून मोजलेली असतात आणि दोन्ही पानं घडीपाशी एकाच पातळीवर आहेत असं धरलेलं असतं. एक पान उचललं गेलं की त्या बाजूचा हात अपुरा पडतो, दर वेळी मिटताना पट्टी ओढली जाते, आणि रात्रभर नाही तर दहा वेळा उघडझाप केल्यावर ती वाकडी होतेच. जी मुलगी पहिल्यांदा दोन्ही प्रकार एकत्र करायला जाईल, ती नेमकी इथेच अडेल. उपाय एकच. शेकरचा ठोकळा स्वतंत्र बनवायचा आणि तयार कार्डाच्या बाहेरच्या अंगाला चिकटवायचा. आतलं पान सपाट राहिलं पाहिजे.

तिसरी गोष्ट हळद. कार्ड तीनदा हलवलं आणि सगळी खिडकी पिवळी झाली. ओएचपी शीटवर घासून स्थिर वीज साठते आणि बारीक भुकटी तिला चिकटून बसते. चंद्र दिसेनात. टिचकी मारली तर थोडी झडते, पुन्हा बसते.

हळद कुठे ठेवायची?

ताईंना हे सांगायला मी कचरत होते. दुसऱ्या नमुन्यात मी भुकटीऐवजी कणी घेतली, हळकुंडाचे फुटलेले बारीक तुकडे. चहाच्या गाळणीने चाळून, कोरड्या फडक्यात घोळून धूळ काढली. तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे, म्हणून फोमचे दोन थर लावावे लागले. कार्ड मिटल्यावर जाडी सेंटिमीटरवर गेली आणि पाकिटात शिरेना. १३ ची रुंदी अधिक १ ची जाडी म्हणजे १४, पाकीटही १४. कागद कागदाला घासून कडा मुडपल्या. शिवाय तुकडे एकमेकांवर घासले की फुटल्या बाजूने नवीन भुकटी झडत राहते. पाऊस लागलेला होता, हळदीत थोडा ओलावा होताच. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या आतून धुरकट पापुद्रा आला. बंद पोकळीतला ओलावा जाणार कुठे?

मग ताईंना बोलावून दोन्ही नमुने हातात दिले. फोन केला नाही, फोटोही पाठवला नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "हळद नसेल तर त्यात अण्णांचं काय राहिलं?" त्यांचं दुःख मला समजत होतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी यार्डात पेढे वाटले होते. तो पिवळा रंग त्या घरासाठी नुसता रंग नाही.

तोडगा बोलता बोलता निघाला, आणि तो ताईंचाच. लग्नात हळदीने माखलेलं कापड धुतलं तरी पिवळं राहतं, मग कागद का नाही? अण्णांच्या घरची हळद कोमट पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून ते पाणी मी पांढऱ्या हँडमेड कागदावर ब्रशने दोनदा फिरवलं. सुकल्यावर सोनेरी पिवळा, आणि नाकाजवळ धरला तर वास येतो. हाच कागद पेवाचा तळ म्हणून लावायचं ठरलं. खुळखुळण्यासाठी दोन मिलिमीटरचे पिवळे काचमणी. मण्यांना ३ मिलिमीटरचा एक थर फोम पुरतो. मिटलेलं कार्ड ७ मिलिमीटर भरलं आणि पाकिटात अलगद गेलं.

एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. घराच्या खिडकीत ठेवलेलं कार्ड काही महिन्यांत फिकं पडेल. आणि रंगवलेल्या कागदाला चुन्याचं बोट लागलं तर तिथे लाल डाग पडेल. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते त्याच गुणाने. तळ बंद पोकळीत असल्याने बोटांचा प्रश्न मिटला. उन्हाचं त्या म्हणाल्या, "फिकं झालं तरी चालेल, खोटं नको."

चंद्र

माझ्याकडच्या टिकल्यांची एकच बाजू चकाकत होती. उलटल्या की पांढरा कागद. म्हणून चंदेरी मिरर पेपरचे दोन ताव पाठीला पाठ चिकटवले, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबले आणि ऑफिसात असतं त्याच साध्या पंचिंग मशीनने चंद्र पाडले. त्याचं भोक ६ मिलिमीटरचं असतं. जोड कागदाचा फायदा दुहेरी झाला. दोन्हीकडून चकाकी आली, आणि चंद्र जड झाल्याने शीटला चिकटून राहायचं कमी झालं. उरलेलं चिकटणं पुरचुंडीने घालवलं. मलमलच्या चिंधीत टाल्कम पावडर बांधायची, शीटच्या आतल्या बाजूवर हलकेच थोपटायची आणि कोरड्या ब्रशने झटकायची. तीच पुरचुंडी फोमच्या भिंतीवरूनही फिरवायची, कारण कापलेल्या फोमच्या कडेला गोंद उघडा पडतो आणि चंद्र तिथे जाऊन कायमचा बसतो.

भिंत लावताना फोमची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी वळणावर हळूहळू फिरवत न्यायची. जोड एकच ठेवायचा आणि तोही पेवाच्या तोंडापाशी, वरती. खाली ठेवला तर मण्यांचा भार सतत त्याच फटीवर येतो आणि दोन मिलिमीटरचा मणी केव्हातरी वाट काढतो. मणी आणि चंद्र भरेपर्यंत फोमवरचा कागद काढायचा नाही. ही शेवटची सूचना मी प्रत्येक वर्गात तीनदा देते, तरी कुणीतरी आधी कागद काढतंच आणि मग चिमट्याने एकेक मणी सोडवत बसतं.

मोजणीला नातवंडं आली, दोन रविवार. थाळ्यात पाच ओळी, ओळीत पाच, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चंद्र मांडायचे आणि मग एका कार्डात ओतायचे. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चाळीस पेवं बंद झाली आणि सतरंजीवर एक चंद्र सापडला. जास्तीचे पाडलेले आम्ही आधीच वेगळ्या डबीत बंद केले होते, म्हणजे हा एका कार्डातलाच होता. धाकटा म्हणाला, "काकू, मग ते नऊशे नव्याण्णव झाले." चाळीस बंद कार्डं आडवी धरून, दिव्याखाली, मण्यांतून चंद्र वेगळे करत आम्ही पुन्हा मोजले. एकतिसाव्यात चोवीस निघाले. केस वाळवायच्या ड्रायरने कड गरम करून, पेवाच्या तोंडापाशी पातं घालून फोम उचलला, चंद्र आत सोडला आणि ती जागा पुन्हा दाबली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्यानंतर मी पद्धत बदलली आहे. भरणारा एक, बंद करणारा दुसरा, आणि बंद करणाऱ्याने मोजल्याशिवाय कागद काढायचा नाही.

पूल आणि पाणी

कागदाची दिशा हा प्रश्न पुलापेक्षा कार्डाच्या पायाला जास्त भोवला. कागदाचे तंतू एका दिशेने लोळलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती साफ येते, आडवी घातली तर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, रंगीत कागद घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. ए-४ तावांत तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि माझं २६ बाय १८ चं पान ए-४ मधून काढलं की घडी नेमकी आडवी पडत होती. म्हणून गणपती पेठेतून मोठे ताव आणले आणि कटिंग मशीनवर हव्या दिशेने कापून घेतले. दिशा ओळखायला ताव हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने कमी जोर लागतो ती तंतूंची घडी. घडीआधी संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घेतली.

पुलाच्या कमानी छोट्या कमानीच्या डायने, एकेक सरकवत कापल्या. मशीनच्या पाट्या दर सात-आठ कापांनंतर उलटवायच्या, नाहीतर त्या धनुष्यासारख्या वाकतात. पाटी वाकली की मधे धार उतरते आणि कडेला कागद तसाच राहतो. सगळं मिळून मशीनमधून दोनशेच्या वर फेऱ्या झाल्या.

पट्ट्या चिकटवायची रीत मला फार आवडते. पट्टीच्या दोन्ही टोकांना डबल टेप, एक टोक मापाच्या रेघेवर लावायचं, पट्टी तिच्या घडीवर मिटायची, दुसऱ्या टोकावरचा कागद काढायचा आणि कार्ड सरळ मिटून दाबायचं. दुसरं टोक आपली जागा आपण शोधतं. पावसाळ्यात फेविकॉल कमीत कमी वापरला, कारण त्यातल्या पाण्याने पट्ट्या वळतात.

तिसरा नमुना घेऊन मी ताईंच्या घरी गेले तेव्हा थोरले दादा घरी होते. अण्णांचा मुलगा, आता अडत तेच बघतात. त्यांनी कार्ड उघडलं, पूल उभा राहिला आणि ते त्याकडे बघतच राहिले. मग पुढच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून मला विचारलं, "ताई, पाणी कमी करता येईल का?" माझ्या डोळ्यांना लाटा कमानींच्या मधोमध छान दिसत होत्या. ते म्हणाले, "एकोणीसला गोडाउनमध्ये पाणी होतं." आणखी काही बोलले नाहीत.

बोलायची गरजही नव्हती. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आणि आम्ही हे कार्ड ऑगस्टमध्येच देणार होतो. १९२९ चा तो पूल आमच्यासाठी शोभेचा आहे तसाच पाणी मोजायचाही आहे, हे मी कागद कापताना विसरले होते. लाटांची पट्टी ४ सेंटिमीटर उंचीची होती, ती दीडवर आणली. कमानींचे खांब पायापर्यंत उघडे पडले. नदी उन्हाळ्यातली झाली. रचनेच्या दृष्टीनेही ती जास्त बरी दिसली, पण तशी दिसली नसती तरी मी तीच ठेवली असती.

हिशोब आणि नंतरचं

कार्डाला सामान ९२ रुपयांचं लागलं, एकूण ३,६८० रुपये. तीन नमुने आणि वाया गेलेला कागद मिळून आणखी ९००. एका कार्डाला सरासरी ५५ मिनिटं, नमुन्यांना बारा तास, माझे आणि माझ्या नणंदेचे मिळून जवळजवळ एकोणपन्नास तास. कार्डामागे ३५० रुपये घेतले, म्हणजे १४,००० रुपये. सामान, नमुने आणि वाया गेलेल्या कागदाचा खर्च वजा जाता तासाला १९० च्या आसपास पडले. नमुन्यांचे पैसे वेगळे सांगायला हवे होते. आता दोन यंत्रणा असलेल्या कार्डाचा नमुना मी पैसे घेऊनच करते, आणि तो ग्राहकाला दाखवण्याआधी पाकिटात घालून शब्दकोशाखाली तीन दिवस ठेवते.

नऊ कार्डं कुरिअरने बाहेरगावी गेली. एकाची खिडकी दबून आली. दोन कार्डं मी तोंडाला तोंड लावून बांधली होती, पेवावर पेव आलं आणि मधल्या शीटला खळगा पडला. आता कार्डं एकाआड एक उलटी ठेवते आणि मधे जाड पुठ्ठा घालते. दिवाळीला ताईंच्या घरी गेले होते. दिवाणखान्याच्या खिडकीतल्या कार्डाचं पिवळं उतरलेलं दिसलं, देवघराजवळचं जसंच्या तसं होतं.

समारंभाच्या दिवशी मीही गेले होते. ओवाळून झाल्यावर धाकट्याने पहिलं कार्ड अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, पूल पाहिला, खांबांच्या मुळाशी पाणी कुठवर आहे ते वाकून पाहिलं आणि काही न बोलता मिटलं. मग बाहेरचं पेव कानाशी नेऊन हलवलं.

"भरलेलं पेव वाजत नसतंय, पोरी," ते मला म्हणाले.

मी सांगितलं, भरून टाकलं तर चंद्र हलणार नाहीत, दिसणार नाहीत. त्यांनी विचारलं, किती आहेत? पंचवीस, आणि सगळ्यांचे मिळून हजार, असं धाकट्याने सांगितलं. अण्णांनी चष्मा सारखा केला, कार्ड उजेडाकडे आडवं धरलं आणि खिडकीवर टिचक्या मारत चंद्र मोजायला घेतले. तेवीसपर्यंत आले होते तेवढ्यात कुणीतरी पाया पडायला आलं. त्यांनी आशीर्वाद दिला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.